सेकंड शिफ्टनंतरचा उजवा हात

महिनाभर वापरलेलं पिक ट्यूबलाइटखाली धरा आणि त्याचं टोक नीट बघा. छापलेलं नाव कायम अंगठ्याकडे ठेवून वाजवलं असेल, तर उजव्या हाताचा सगळा हिशेब त्या टोकावर उमटलेला असतो. एकाच कडेवर तिरकी झीज दिसली तर तुमचे बहुतेक स्ट्रोक वरून खालीच जातायत, अपस्ट्रोक नावापुरता आहे. दोन्ही कडा झिजल्यात, पण एक पिकच्या पुढच्या बाजूला आणि दुसरी मागच्या बाजूला, तर हात दोन्हीकडे सारखा चालतोय आणि पिक तारेला थोडं तिरकं लागतंय. हे चांगलं लक्षण. टोक सरळ बोथट झालं असेल तर पिक तारेवर सपाट आपटतंय. कडेला खाचा पडल्या असतील, बारीक तुसं निघाली असतील, तर ते गरजेपेक्षा खोल रुततंय. पुण्याजवळच्या भोसरीतला सीएनसी ऑपरेटर इन्सर्टची, म्हणजे मशीनमधल्या कापणाऱ्या पात्याची, कड बघून मशीनवर काय चुकतंय ते सांगतो, तसंच हे.

नवीन इलेक्ट्रिक गिटार घेतलेला माणूस सगळा जीव डाव्या हाताला लावतो. कॉर्ड कुठे धरायची, बोट कुठल्या फ्रेटवर ठेवायचं, नखं किती कापायची. मोबाइलवरच्या व्हिडिओंचा कॅमेराही बहुतेक वेळ डावीकडेच रोखलेला असतो. अकूस्टिकवर हे काही काळ खपून जातं. इलेक्ट्रिकवर मात्र पिकअप तारेचं प्रत्येक थरथरणं पकडतो, ठोका कमी-जास्त झालेला, पिक घासलेलं, शेजारची तार चुकून छेडली गेलेली, सगळं. त्यामुळे इथे आवाज घडतो तो उजव्या हातात. डावखुऱ्यांनी हा लेख अर्थातच उलटा वाचावा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त जण कंपनीतले. कोणी चाकणला असेंब्ली लाइनवर, कोणी तळवड्याला प्रोग्रॅमर, कोणी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ट्रेनी. पहिल्याच दिवशी त्यांच्या हातांत एक फरक दिसतो. दिवसभर न्यूमॅटिक गन चालवणारा मुलगा पिक हातात घेतो आणि आवळतो. त्यात त्याची चूक नाही. गन सैल धरली तर ती मनगट फिरवते, म्हणून आठ तास आवळूनच धरावी लागते. तोच हात संध्याकाळी खोलीवर येऊन अर्ध्या ग्रॅमचं प्लास्टिकसुद्धा तसंच धरतो. कीबोर्डवाल्यांची अडचण वेगळी. त्यांचं मनगट एकाच कोनात थिजलेलं असतं आणि सगळी हालचाल कोपरातून होते. दोघांनाही पहिली गोष्ट शिकायची आहे ती सोडून देण्याची, धरण्याची नंतर.

पकड अशी. उजव्या हाताची तर्जनी आत वळवा, मूठ करताना वळते तितकीच. तिच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक ठेवा आणि वरून अंगठा आडवा टेकवा. टोक बाहेर किती ठेवायचं? तीन ते पाच मिलिमीटर. त्याहून जास्त बाहेर असलं की ते तारांमध्ये अडकतं आणि फिरतं. मधलं बोटही पिकला लावून वाजवणारे चांगले वादक आहेत, तेव्हा तुमचा हात आपोआप तसा पडत असेल तर मोडू नका. आता अंगठ्याच्या नखाकडे बघा. नख पांढरं पडलं असेल तर दाब जास्त आहे. गुलाबी दिसेपर्यंत सैल करा. डाव्या हाताच्या बोटानं पिकच्या टोकाला हलकेच ढकललं तर ते जरासं डुललं पाहिजे, निसटता कामा नये. वाजवता वाजवता दर दोन-तीन मिनिटांनी नखाकडे एक नजर टाकायची सवय लावा. पकड घट्ट होते ती आपल्या नकळत, आणि नेमकी अवघड जागा आली की.

पिक कुठलं घ्यावं यावर दुकानात तासभर चर्चा होते, तितकी गरज नसते. फार पातळ, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं पिक कॉर्ड झोडायला बरं, पण एकेक सूर वाजवताना ते आधी वाकतं आणि मग तार सोडतं, त्यामुळे ठोका किंचित उशिरा पडतो आणि आपल्याला वाटतं लयच चुकतेय. दीड मिलिमीटरचं जाड पिक नवख्या हाताला दगडासारखं लागतं. ०.७३ पासून १ मिलिमीटरपर्यंत काहीही चालेल. डनलॉपच्या टॉर्टेक्स पिकांवर रंगानं जाडी ओळखता येते, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १ मिलिमीटर. ही मालिका १९८१ पासून बाजारात आहे आणि जवळपास प्रत्येक वाद्यांच्या दुकानात मिळते. तिन्ही रंगांची दोन-दोन घ्या, आठवडाभर वाजवा, मग एक ठरवा आणि पुढचे तीन-चार महिने बदलू नका. सतत पिक बदलत राहिलात तर हात कशालाच सरावत नाही.

आता हात टेकवायचा कुठे. कोपरापासून पुढचा हात गिटारच्या अंगावर विसावलेला, तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजच्या जवळ हलकेच टेकलेली. काहींना करंगळी गिटारच्या अंगावर टेकवून बरं वाटतं, तेही चालतं, पण तो फक्त स्पर्श हवा, खुंटा नको. गिटारला ट्रेमोलोचा ब्रिज असेल तर तळव्याचं वजन त्यावर टाकू नका. ब्रिज दबला की तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. मग तुम्ही बिचाऱ्या खुंट्यांना दोष देत बसता. पट्टा लावून उभ्यानं वाजवणार असाल तर गिटार बसल्यावर जिथे असते त्याच उंचीवर ठेवा. पोस्टरमधल्या वादकांची गिटार गुडघ्यापर्यंत लोंबते. ते त्यांना शोभतं. नवख्याचं मनगट मात्र त्या उंचीला वाकडं होतं.

पिक तारेला समांतर ठेवू नका. त्याची पुढची कड, म्हणजे गिटारच्या मानेकडची, जरा जमिनीकडे झुकवा. मग पिक तारेवर आपटत नाही, घसरून जातं. कोन फार वाढवला तर जाड तारांवर खर्रखर्र ऐकू येतं. तेवढं झालं की थोडं मागे या. खोली एक-दोन मिलिमीटरची पुरे. पिकचं टोक तारेच्या पलीकडे डोकावलं की काम झालं.

हालचाल मनगटातून. कोपर ताठ करून, दंडाचे स्नायू आवळूनही वेग काढता येतो, पण त्या वेगाला ब्रेक नसतो आणि दहा मिनिटांत हात भरून येतो. आपली हालचाल केवढी मोठी आहे हे वाजवताना कधीच कळत नाही. मोबाइल स्टुलावर टेकवा, कॅमेरा उजव्या हाताच्या बाजूला आणा, स्लो मोशनवर वीस सेकंद चित्रण करा. बहुतेकांना धक्का बसतो. तार छेडायला बोटाच्या पेराएवढीही हालचाल लागत नाही, आणि पिक मात्र पुढच्या दोन तारा ओलांडून हवेत जाऊन परत येतं. ज्यांच्या कंपनीत काइझेनचे, म्हणजे सततच्या सुधारणेचे, तक्ते भिंतीवर लावलेले असतात त्यांना वाया जाणारी हालचाल शोधायला मी शिकवायची गरज नाही. त्यांनी ती नजर स्वतःच्या मनगटावर फिरवावी एवढंच.

सराव एका मोकळ्या तारेवर सुरू करा. डाव्या हाताला सुट्टी. तिसरी तार घ्या, मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे मिनिटाला ६० ठोके (६० बीपीएम). आपल्याकडे सरोद शिकवताना जवा, म्हणजे सरोदचं पिक, खाली गेला की दा, वर आला की रा, असे बोल म्हणवून घेतात. तेच इथे करा. तोंडानं दा रा दा रा म्हणत आधी एका ठोक्याला एक, मग दुगुन, मग चौगुन. ठोका तोच, आतल्या मात्रा वाढतात. चौगुनीत प्रत्येक ठोका दावर पडतोय का ते ऐका. बोल तोंडात असले की अपस्ट्रोक गळत नाही. मग उलटं करा, रापासून सुरुवात. हे पहिल्यांदा इतकं विचित्र वाटतं की अनेक जण सोडून देतात. पण दोन्ही स्ट्रोक एकाच वजनाचे करायला याहून सरळ उपाय मला माहीत नाही. जॉन मॅकलॉफ्लिन, ज्यांना आपण झाकीर हुसेन यांच्यासोबतच्या ‘शक्ती’मुळे ओळखतो, ते इलेक्ट्रिकवर महाविष्णू ऑर्केस्ट्रात ज्या वेगानं वाजवत, त्याच्या तळाशी ही दा-रा अदलाबदलच होती. अगदी काटेकोर, एकही स्ट्रोक न चुकवता.

इथे मला एका लाडक्या सल्ल्याशी भांडायचं आहे. ‘हळू वाजव आणि रोज पाच बीपीएम वाढव.’ हे अर्धंच खरं आहे. हळू वाजवताना हात वाटेल तशी हालचाल करू शकतो, तिथे सगळं चालून जातं. ६० वर जी हालचाल नेटकी वाटते ती १४० वर मुळात शक्यच नसते, आणि मग माणूस महिनोन् महिने १०० च्या आसपास अडकतो. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी एकाच तारेवर, कुठलाही सूर न धरता, चार-पाच सेकंद जमेल तितक्या वेगात दा-रा करा आणि थांबा. नेटकेपणाची चिंता नको. हात सैल राहून ज्या मार्गानं हलला तो मार्ग मोबाइलवर बघा. मनगट डावी-उजवीकडे हललं की किल्ली फिरवल्यासारखं गोल फिरलं? तीच तुमची हालचाल. आता ६० वर हळू वाजवताना तीच हालचाल वापरा. हळू सराव हवाच, पण योग्य गोष्टीचा.

एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाणं हा खरा पेच. सहाव्या तारेवर दा रा वाजवून पाचव्या तारेवर दा वाजवायचा आहे असं समजा. रा संपला तेव्हा पिक सहाव्या तारेच्याही वर, छताकडच्या बाजूला आहे. पाचव्या तारेवर दा पाडायचा तर त्याला सहावी तार ओलांडून खाली यावं लागणार. रा संपताना पिक तारांच्या पातळीतच रुतलेलं असेल तर ते सहाव्या तारेला धडकणार, किंवा तुम्ही ते झटक्यानं उचलणार आणि लय तुटणार. उपाय असा की हात किंचित कलता करायचा, म्हणजे वर येणारा प्रत्येक स्ट्रोक आपसूक गिटारपासून दूर, तारांच्या पातळीबाहेर येतो. मग ओलांडणं वेगळं करावंच लागत नाही, ते त्या स्ट्रोकमध्येच झालेलं असतं.

म्हणून पहिली स्केल मायनर पेंटॅटोनिकच घ्या. तिच्या नेहमीच्या चौकटीत प्रत्येक तारेवर दोनच सूर आहेत, म्हणजे प्रत्येक तार दानं सुरू होते आणि रानं संपते. सहा तारा, बारा सूर, एकच नियम. तारेवर तीन-तीन सूर असलेल्या स्केलमध्ये एक तार दावर संपते, पुढची रावर, आणि नवख्याचा हात गोंधळतो. त्या सहा महिन्यांनी. डाव्या बोटाचा आणि पिकचा क्षण जुळत नसेल तर आवाजात टक् असा एक मेलेला सूर येतो. वेग वाढवून तो झाकू नका. एकाच तारेवर दोन बोटांत तो जुळवा.

उजवा हात बघायचा असेल तर परदेशी व्हिडिओच लागतात असं नाही. हळदीला, वरातीत बेंजो पार्टी वाजवते, तिथे लोक नाचणाऱ्यांकडे बघतात. तुम्ही बेंजोवाल्याच्या उजव्या हाताकडे बघा. हे वाद्य म्हणजे आपलं बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली बनवला, आणि आपल्याकडे येऊन पिकअप लागल्यावर तो गल्लोगल्लीचा झाला. डावा हात टाइपरायटरसारख्या कळा दाबतो, उजव्या हातात पिक. एकच सूर लांबवायचा तर तारा अखंड छेडत राहाव्या लागतात, आणि हे तासन् तास, उभ्यानं, गाडीवर हिंदकळत, ढोल-ताशाच्या आवाजात. आवळलेल्या हातानं हे होणारच नाही. चांगल्या बेंजोवाल्याचं मनगट बघा, ते जवळजवळ हलतच नाही असं वाटतं आणि खांदा पूर्ण सैल असतो. त्याच्याकडून इलेक्ट्रिक गिटारवाल्यानं घ्यायची गोष्ट हीच. बाकी त्याच्या इकोचं प्रमाण त्यालाच लखलाभ.

मग पाम म्यूट, म्हणजे तळव्यानं तारा थोड्या दाबून वाजवणं. तळव्याची कड तारा जिथे ब्रिजवर टेकतात त्या रेषेवर ठेवा. पुढे सरकलात तर सूर मरतो, मागे गेलात तर म्यूट होतच नाही. हा फरक दोन-तीन मिलिमीटरचा आहे आणि तो कानानंच शोधावा लागतो. मेटलची आवड असलेली मुलं इथे पोचली की लगेच सगळं डाउनस्ट्रोकनं वाजवायला जातात, कारण मेटालिकाचा जेम्स हेटफिल्ड तसं वाजवतो. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे १९८६ चं गाणं मिनिटाला २१० च्या आसपास ठोक्यांचं आहे आणि त्याची रिफ एका ठोक्याला दोन या हिशेबानं जवळपास सगळी डाउनस्ट्रोकनं जाते. म्हणजे सेकंदाला सात. फक्त दा दा दा दा. त्यातून येणारा तो ठाशीव, रागीट आवाज अदलाबदलीनं येत नाही हे खरं. पण तुम्ही ९० वर सुरू करा, एका वेळी एक मिनिट, आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला ओढ लागली की तिथेच थांबा. हे तंत्र शिकायची घाई केली तर भोगावं लागतं ते रात्री.

अ‍ॅम्पवर काय ठेवायचं? सुरुवातीची पंधरा मिनिटं क्लीन. डिस्टॉर्शन लहान-मोठे सगळे ठोके दाबून एका उंचीवर आणतं, त्यामुळे हात असमान असला तरी कानाला कळत नाही. नंतर थोडा वेळ भरपूर डिस्टॉर्शन, कारण त्यात दुसराच दोष उघडा पडतो. न वाजवलेल्या तारा गुणगुणतात. जाड तारा उजव्या तळव्यानं गप्प करायच्या, बारीक तारा डाव्या तर्जनीच्या आडव्या स्पर्शानं. भाड्याच्या खोलीत रात्री अकराला अ‍ॅम्प लावता येत नाही, मग अनेक जण गिटार वायर न लावताच वाजवतात. यात एक खोट आहे. ऐकू येत नाही म्हणून हात नकळत जोरात मारायला लागतो, आणि दोन महिन्यांत तीच सवय होते. लहानसा हेडफोन अ‍ॅम्प घ्या, नव्या पेडलपेक्षा त्याचा उपयोग जास्त. सतत घुंई असा आवाज येत असेल तर गिटार दुरुस्तीला नेण्याआधी बोर्डाचं अर्थिंग बघा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कोंबला असेल तर आवाजाचं सोडा, धोका आहे.

सरावाची वेळ शिफ्टप्रमाणे ठरते, त्याला इलाज नाही. फर्स्ट शिफ्टवाल्यांना संध्याकाळ मिळते. सेकंड शिफ्ट संपवून कंपनीच्या बसनं मध्यरात्री खोलीवर पोचणाऱ्यानं त्या वेळी गिटार उचलू नये, सकाळी उठून वीस मिनिटं वाजवावी. नाईटवाल्यानं झोप झाल्यावर. आठवडाभराची कसर गुरुवारच्या सुट्टीला चार तास बसून भरून काढणारे पुष्कळ आहेत. त्यांचा हात शुक्रवारी लाइनवर दुखतो आणि पुढच्या गुरुवारपर्यंत सगळं विसरलेलं असतं. रोजची वीस मिनिटं बरी. गन किंवा ग्राइंडर चालवणाऱ्यांनी शिफ्टनंतर बोटांतली झिणझिण पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, कोमट पाण्यात हात धरायचे, मग पिक घ्यायचं. झिणझिण्यांनी रात्री झोपमोड होत असेल, थंडीत बोटं पांढरी पडत असतील, पकडलेली वस्तू हातातून सुटत असेल, तर तो गिटारचा प्रश्न नाही. वर्षानुवर्षं कंपनं सोसलेल्या हातांचा हा आजार असू शकतो. कंपनीच्या डॉक्टरांना किंवा ईएसआय दवाखान्यात दाखवा, आणि काय काम करता ते स्पष्ट सांगा.

हेवी मेटलचा आवाज ज्या हातातून घडला तो हातही कारखान्यातलाच. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, पुढे ब्लॅक सबाथचा गिटारवादक, १९६५ साली सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी, रोजचा माणूस आला नाही म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे हा त्याचा फ्रेटवरचा हात. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, वर चामडं लावलं. जाड तारा दाबता येईनात म्हणून बेंजोशी फक्त नावानं मिळत्या परदेशी वाद्याच्या, बॅंजोच्या बारीक तारा लावल्या, आणि पुढे तारा उतरवून ढिल्या केल्या. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला या गोष्टीतलं रोमँटिक काही दिसणार नाही. गार्ड काढून मशीन चालवायला सांगितलं तर नाही म्हणा, एवढंच त्याला सांगेन.

तारांबाबत मात्र आयोमीचं ऐकायला हरकत नाही. नवख्यानं नऊचा सेट लावावा, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची. बारीक तारेचा एक फायदा असा की ती जोर सहन करत नाही. दणका मारलात तर सूर क्षणभर चढतो आणि लगेच ऐकू येतो, त्यामुळे हात आपोआप हलका होतो. वाजवण्याआधी हात साबणानं धुवा. कूलंट आणि ग्रीसचा अंश बोटांवर राहिला तर तारांच्या वेढ्यांत मळ साचतो. वाजवून झाल्यावर सुक्या सुती फडक्यानं प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. जुलै-ऑगस्टमध्ये बंद खोलीत ओल असते, तारा लवकर काळवंडतात आणि खरखरीत होतात. अशा तारेवर पिक अडखळतं आणि आपण पकड बदलत बसतो. आधी तारा बदला.